मटण, आतडे आणि कर्करोग

“डॉक्टरसाहेब, मटणानं कॅन्सर होते म्हणतात, खरं आहे का जी?” आखाडी आणि पोळ्याची कर जवळ आली की दवाखान्यात हा प्रश्न मला हमखास ऐकू येतो.

प्रश्न निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली बोकड, मेंढी, म्हैस, डुक्कर यांच्या तांबड्या मांसाचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात केला. खारवलेले, धुरावलेले व डबाबंद सॉसेजसारखे मांस तर तंबाखूच्याच गटात गेले. आता याचा अर्थ सॉसेज आणि आपला खर्रा सारखेच घातक, असा कोणी काढू नये. तो गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो, धोका किती मोठा हे नाही. खर्रा कितीतरी पटीने वाईट!

रोज १०० ग्रॅम तांबडे मांस खाणाऱ्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो, असा अंदाज आहे. पण १७ टक्के कशाचे? भारतात हा रोग वर्षाला लाखामागे साधारण पाच जणांना होतो. म्हणजे लाखभर माणसांनी रोज एवढे मटण खाल्ले तरी एखाद्याच रुग्णाची भर पडेल. मांसातील रक्तरंजक लोहामुळे आतड्यात घातक नायट्रोसो संयुगे तयार होतात. निखाऱ्यावर करपवलेल्या मांसात आणखी काही रसायनांची भर पडते. रश्श्यात शिजवलेल्या मटणात ती कमी. (सावजीच्या तर्रीने छातीत जळजळ होते, तो विषय वेगळा.)

आठवड्याला शिजवलेले अर्धा किलोपर्यंत मांस चालते. आपल्याकडे अनेक घरांत तेवढे महिन्यालाही येत नाही. रक्तक्षय असलेल्या बायकांच्या ताटातले मटण तर या भीतीपोटी मुळीच काढू नये. दारू, तंबाखू, सुटलेले पोट आणि ताटातून गेलेली ज्वारीची भाकर, यांची काळजी मला अधिक वाटते.

खरा घात होतो तो दुसरीकडेच. शौचावाटे रक्त पडले की ‘मूळव्याध आहे’ असे घरीच ठरते. मग जडीबुटी, धागा, इंजेक्शन, यात सहा-सहा महिने जातात. आपल्याकडे गुदाशयाचा कर्करोग बराच आढळतो आणि चाळिशीच्या आतली माणसेही त्यात असतात. रक्त पडणे, शौचाची सवय बदलणे, पोट साफ न झाल्यासारखे वाटणे, कारणाविना वजन घटणे यापैकी काहीही तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले, तर डॉक्टरांकडून गुदमार्गाची बोटाने तपासणी करून घ्यावी. दोन मिनिटांचे काम आहे. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात शल्यचिकित्सा विभाग आहे. डॉक्टरांनी न तपासताच मूळव्याधीचे मलम लिहून दिले, तर “साहेब, एकदा तपासून बघा ना” असे आपणच म्हणावे.