हजारात तीन

शुद्ध बेरियम टायटनेट वीज अडवते. त्यातल्या दर हजार बेरियम अणूंपैकी सुमारे तिनांच्या जागी लँथॅनम बसवला, की भट्टीतून निघणारी चकती पांढुरकी न राहता निळसर करडी होते आणि तिच्यातून वीज वाहू लागते. १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तिचा रोध एकदम हजारो पटींनी चढतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू करून देणारी चकती याच गुणावर चालते. लँथॅनमचे प्रमाण वाढत गेले, तर पदार्थ पुन्हा वीज अडवू लागतो.

हजारात तीन म्हणजे किलोभर चूर्णामागे जेमतेम दोन ग्रॅम लँथॅनम ऑक्साइड. तेही हवेतली ओल पिऊन वजनात फसवते, म्हणून आधी भाजून मगच तोलतात. कोरड्या भुकट्या दळून हे दोन ग्रॅम सगळीकडे सारखे पोचवणे जिकिरीचे. म्हणून सगळेच घटक पाण्यात उतरवतात. क्लॅबॉ, स्विगर्ड आणि गिलख्रिस्ट यांनी १९५६ मध्ये मांडलेली ऑक्झॅलेट पद्धत ती हीच.

टायटॅनियम टेट्राक्लोराइड बर्फगार पाण्यात थेंबथेंब सोडतात. पांढरा धूर उठतो, नाकाला झोंबणारा. धूर ओढणाऱ्या कपाटातही त्याचा वास पुरता जात नाही. त्या पाण्यात बेरियम आणि लँथॅनमची क्लोराइडे मिसळून हे द्रावण ८० अंशांच्या ऑक्झॅलिक आम्लात ढवळत ओततात. पांढरा साका बसतो.

मग धुणे. गाळणीवरच्या साक्यावर डिस्टिल्ड पाणी ओतायचे, खाली निथळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. गढूळ झाले की पुन्हा पाणी. राहिलेले क्लोराइड भट्टीत कणांच्या गाठी करते. हातमोजे काढायची सोय नाही, कारण घामातले सोडियम लँथॅनमच्या उलट काम करते आणि हजारात तिनाचा हिशेब तिथेच बिघडतो. शोधनिबंधात या कामाला एक वाक्य मिळते, करणाऱ्याची मात्र अख्खी दुपार जाते. थेंब पडूनही पाणी नितळ राहिले, तरच हात थांबतो.

वाळवलेला साका मुशीत घालून ८०० अंशांच्या आसपास भाजतात. पाणी आणि कार्बनचे वायू निघून जातात, पांढरे चूर्ण उरते. अकीकाच्या खलात घोटून, चकत्या दाबून त्या १३५० अंशांच्या सुमारास पुन्हा भाजतात. भट्टी सावकाश निवू द्यावी लागते. त्याच वेळी कणांच्या सीमांवर ऑक्सिजन शिरतो आणि १२० अंशांजवळची ती उसळी पक्की होते.