पहिल्या पगाराआधीचा महिना

हात धरून उभं करण्याची रीत वसईला जुनी. सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडवायला मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी १९१८ मध्ये पतसंस्था काढली. तीच पापडीची बॅसीन कॅथॉलिक बँक. मुंबईत शाळा सुटलेल्या तरुणांना १९९८ पासून ‘युवा परिवर्तन’ ही संस्था वायरिंग, शिवण, मोबाइल दुरुस्ती शिकवते. तिची मातृसंस्था बाळासाहेब खेरांची, १९२८ ची.

अशा कोर्सची फी भरणारे दाते मिळतात. खरी ओढाताण नंतरची. वालीव-सातिवलीच्या गाळ्यात काम लागलं, तरी पगार महिना भरल्यावरच. तोवर शेअर रिक्षा, डबा, पक्कड-टेस्टर यांचे पैसे कुठून आणायचे? वसई-विरारच्या दात्यांनो, फीसोबत पहिल्या पगाराआधीच्या महिन्याचेही पैसे द्या.