ओळी जागेवर, रकाने गायब

पहाटे ४:१०. आम्स्टेलव्हेनच्या घरात फोन वाजतो. आल्समीरच्या एका फुलांच्या घाऊक व्यापाऱ्याकडे रात्री वीज गेली. सर्व्हर परत सुरू झाला, पण ऑर्डरी उघडत नाहीत. फोन घेणारी मूळची पुण्याची, डेटाबेस सांभाळते. कॉलवर असलेल्या आठवड्याचे पगारावर अडीचशे युरो मिळतात.

४:४०. लॉगमध्ये तीच तक्रार पुन्हापुन्हा: बेस/१६३८४/१२४९, पान खराब. डेटाबेस पोस्टग्रेसचा, आणि त्यात १२४९ म्हणजे पीजी_अ‍ॅट्रिब्यूट. कुठल्या टेबलात कोणते रकाने, कुठल्या क्रमाने, ते इथे नोंदलेलं असतं. ऑर्डरींच्या फाइली शाबूत आहेत, त्या वाचायच्या कशा हे सांगणारी नोंद गेली. सिस्टिम इंडेक्स वगळून सर्व्हर उघडून पाहिला. उपयोग नाही, मूळ पानच फाटलंय. शेवटचा धड बॅकअप नऊ दिवसांपूर्वीचा. पुढच्या सगळ्या फाइली शून्य बाइटच्या.

५:०५. सर्व्हर बंद करायला सांगून ती सायकलवर निघते. पिशवीत दीडशे युरोची डिस्क. आधी सगळ्याची नक्कल, मग नकलेवरच काम. ही शिस्त मोडली की उरलेलंही जातं.

६:००. लिलावाचं घड्याळ सुरू. भाव वरून खाली उतरतो, बटण आधी दाबेल त्याचा माल. कोणी किती ट्यूलिप मागवलेत ते माहीत नाही, तरी मालक अंदाजाने खरेदी करतोय. मागच्या खोलीत नक्कल चालू आहे.

८:३०. पुण्यात दुपारचे बारा. ऑर्डरींचा प्रोग्रॅम सांभाळणारा तिकडचा पोरगा फोनवर सांगतो, "ताई, मंगळवारी दोन रकाने वाढवले होते." रकान्यांची यादी बॅकअपमधून घ्यायची, पण त्यात ते नाहीत. म्हणजे जुन्या ओळी दोन रकाने आधीच संपणार. फाइलीतून थेट ओळी वाचणाऱ्या पीजी_फाइलडम्पला दोन वेगळ्या याद्या द्यायच्या, दोन फेऱ्या करायच्या.

१०:१५. रकान्यांचे प्रकार ती हाताने टाइप करते: आकडा, आकडा, मजकूर, वेळ. पोस्टग्रेस वेळ मोजतो १ जानेवारी २००० पासून, मायक्रोसेकंदांत. क्रम चुकला की भलतंच साल निघतं. तिसऱ्या प्रयत्नात ताजी तारीख येते. मग ओळी धो धो पडू लागतात.

१३:००. ब्रेड, चीज, ताक. खरं अवघड काम पुढेच आहे. पोस्टग्रेस बदललेली ओळ लगेच पुसत नाही, नवी लिहितो आणि जुनी साफसफाई होईपर्यंत तिथेच ठेवतो. त्यामुळे एकाच ऑर्डरीत ४०० ट्यूलिपही येतात आणि ६००ही. प्रत्येक ओळीला व्यवहाराचा क्रमांक असतो. तो व्यवहार पूर्ण झाला होता का, हे पीजी_एक्सअ‍ॅक्टमधून ताडून बघायचं. घाईत इथे चुकीचा आकडा घुसला तर तो कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणूनच ती सावकाश चालते, आणि मला ते पटतं.

१७:४०. नव्या सर्व्हरवर सगळं चढलं. सात ऑर्डरींचा निकाल लागत नाही. छापून मालकासमोर ठेवते. तो एकेका गिऱ्हाइकाला फोन लावतो.

१८:२०. डिस्क कंट्रोलरची बॅटरी कधीच मेलेली, म्हणून वीज जाताच अर्धवट लिहिलेलं हरवलं. नवी मागवते. आज रात्रीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून बघितल्याशिवाय ती घरी जाणार नाही. तो तासही बिलात लावते.