डाख आणि उष्णता
खामगावच्या चांदीबाजारात टाकणखार लावून डाख देणारा कारागीर धातूवर चढणारी लाली पाहूनच उष्णतेचा अदमास घेतो. परंतु माइकच्या केबलीस जॅक जोडणाऱ्यास ती सोय नाही, कारण ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे यांचा डाख १८३ अंश सेल्सिअसलाच, म्हणजे लाली चढण्याच्या कितीतरी आधी, वितळतो; शिवाय जॅकचे जाड पितळ उष्णता शोषून घेते आणि साध्या सोल्डरिंग आयर्नचे टोक ऐन वेळी थंडावते. म्हणून सोल्डरिंग स्टेशन खरेदी करताना पडद्यावरील आकड्यांवर भिस्त ठेवू नये. ३५० अंशांवरील टोक पितळास टेकताच किती त्वरेने सावरते, हीच माझ्या मते खरी परीक्षा होय. अर्थिंग आणि बदली टोकांची उपलब्धता जातीने तपासावी. जोडणी करताना डाखातील राळेचा धूर उठून डाख तारेच्या पेडांत झिरपला, की तो गोठेपर्यंत हात निश्चल ठेवावा.