गादी वारशानं, खुर्ची मतानं

बिलोलीहून आम्ही बोलतोय. शेतातून आलेल्या, चुलीपुढं बसलेल्या, गटाची बैठक आटोपून निघालेल्या सगळ्या ताई-मावशींना रामराम.

आज राजा-राणीबद्दल बोलायचं आहे. पण गोष्टीतल्या नाही, खऱ्या.

2022 साली इंग्लंडची राणी एलिझाबेथ वारली आणि त्याच घडीला तिचा मुलगा चार्ल्स राजा झाला. मतदान नाही, अर्ज नाही. मुलगा म्हणून राजा. मग तिथं राज्य तोच करतो का? नाही. लोकांनी निवडून दिलेली संसद आणि पंतप्रधान कारभार चालवतात. कायद्याला राजाची संमती लागते, पण 1708 सालानंतर तिथल्या एकाही राजा-राणीनं ती नाकारलेली नाही. गादी राहिली, सत्ता गेली.

त्यांच्या संसदेचं एक सभागृह उमरावांचं आहे. 1999 पर्यंत शेकडो माणसं तिथं केवळ बापाच्या वारशानं बसत होती. त्या वर्षीच्या कायद्यानं बहुतेकांना बाहेर काढलं आणि 92 जागा तेवढ्या ठेवल्या. आणखी एक ऐका. थोरली बहीण असली तरी गादी धाकट्या भावाला, हा नियम तिथं 2013 साली कायदा करून बदलला. राजघराण्यातल्या लेकीलाही वाट बघावी लागली.

आता आपल्याकडं या. आपलं नांदेड, आपली बिलोली निझामाच्या राज्यात होती. शेवटचा निझाम मीर उस्मान अली खान 1911 साली वारशानं गादीवर आला. त्याच्या खाली जागीरदार. गावंच्या गावं त्यांच्याकडं, तिथला सारा त्यांच्या घरात, आणि बाप गेला की जागीर वारसाकडं. या राजवटीविरुद्धच्या लढ्यात आपल्याच तालुक्यातल्या अर्जापूरला 1946 साली गोविंदराव पानसरे हुतात्मा झाले. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. 1949 साली जागिरी रद्द झाल्या.

पण निझाम लगेच बाजूला गेला नाही. 1950 ते 1956 तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. मान त्याला, कारभार मंत्रिमंडळाकडं. म्हणजे इंग्लंडच्या राजासारखंच काहीसं. 1952 च्या निवडणुकीत संस्थानातल्या बाया-माणसांनी मतं देऊन विधानसभा निवडली. जुन्या राजांना सरकारी तिजोरीतून तनखा मिळत होता, तोही 1971 साली घटनादुरुस्ती करून बंद झाला.

राजा लांब होता. गावात वारसा होता तो वतनाचा. पाटलाचा मुलगा पाटील, पटवाऱ्याचा मुलगा पटवारी. आणि हेही विसरायचं नाही, की वारशानं नुसता मानच येत नव्हता, ओझंही येत होतं. गावकीचं काम ज्याच्या वाट्याला, त्याच्या लेकरांच्याही वाट्याला तेच. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाबाबत विधेयक मांडलं ते याच जाचासाठी. वरच्याचा हक्क आणि खालच्याची सक्ती, दोन्ही एकाच दोरीनं बांधलेलं होतं.

पटवाऱ्याच्या जागी पगारी तलाठी आला. पोलीस पाटलाची नेमणूक 1967 च्या कायद्यानं होते. त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि बाईही पोलीस पाटील होते. पाटील हे आता आडनाव राहिलं, अधिकार नाही.

मग वारसा संपला का? कायद्यातून संपला. सवयीतून संपला का, हे आपण तपासायचं.

तपासायला तीन प्रश्न पुरतात. या माणसाला कोणी निवडलं? किती वर्षांसाठी? आणि चुकलं तर जाब कोणाला द्यायचा? जागीरदाराला विचारा: कोणी नाही, जन्मभर, रयतेला नाही. सरपंचाला विचारा: गावानं, पाच वर्षांसाठी, ग्रामसभेला. इतकाच फरक आहे, पण सगळं त्यातच आहे.

24 एप्रिल 1993 पासून पंचायतीत बाईला एक तृतीयांश जागा आल्या. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या झाल्या. पण पुष्कळ गावांत वॉर्ड महिलेला सुटला, की जुन्याच घरातली सून उभी राहते आणि निवडून आल्यावर खुर्चीत मालक बसतात. लोक त्यांना सरपंच म्हणूनच हाक मारतात. त्या घरातली बाई उभी राहिली म्हणून ती वाईट नाही. तिला मत मिळालं तर तो तिचा हक्क आहे. पण मत तिला मिळालं, तिच्या मालकाला नाही. सरपंचाच्या नवऱ्याला कायद्यात कुठलीही सही नाही. नवऱ्याला कोणी निवडलं नाही, त्याला मुदत नाही, आणि ग्रामसभेत उभं करून त्याला जाबही विचारता येत नाही. जागीरदाराला लागू पडलेली तिन्ही उत्तरं त्याला लागू पडतात.

म्हणून महिलांची ग्रामसभा सोडू नका. मुख्य ग्रामसभेच्या आधी ती घ्यावी, असं कायदा सांगतो. तिथं प्रश्न विचारायचा तो सरपंचताईंना, नावानं. पहिल्यांदा त्या मालकाकडं बघतील. दुसऱ्यांदाही त्यांनाच विचारा. बोलायची सवय अशीच लागते, आणि आपण सगळ्या समोर बसलेल्या असलो की त्यांनाही धीर येतो.

हेच तीन प्रश्न आपल्या गटालाही लावायचे. काही गटांत स्थापनेपासून एकच अध्यक्ष आणि एकच सचिव असते. त्या थकल्या तर सून येते. बाकीच्या म्हणतात, त्यांनाच लिहिता-वाचता येतं, राहू द्या. पण मग पासबुक एका घरात, वही एका घरात, आणि कर्ज कोणाला द्यायचं तेही एकाच घरात ठरतं. पैसा दहा जणींचा, चावी एकीची.

पद फिरतं ठेवा. बैठकीत नावं घ्या, ठराव लिहा, सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. ठरावाची प्रत आणि नव्या ताईंची कागदपत्रं बँकेत देऊन खात्यावरची सही बदला. जिला लिहिता येत नाही तिनं अध्यक्ष व्हावं, वही दुसरीनं लिहावी. जुन्या अध्यक्षताईंचा मान कमी होत नाही. नव्या ताईंना त्यांनी काम शिकवायचं.

या महिन्याच्या बैठकीत वही उघडा आणि आपली पदं शेवटची कधी बदलली ती तारीख मोठ्यानं वाचा. तारीख सापडली नाही, तर त्याच बैठकीत निवड घ्या.