सामाईक तबेल्यातला घोडा कुणाचा?

वाचकहो, गणपतीपुळ्याला तुम्ही कधी ना कधी गेला असालच. देवदर्शन उरकून समुद्रावर उतरले की उंट-घोडे उभे असतात. पोरे हट्ट धरतात, आपण घासाघीस करतो, एक फेरी होते आणि पोरगे उतरले की घोडा आपल्या मनातून जातो. तो घोडा जून उजाडल्यावर कुठे असतो, काय खातो, हे कोण विचारतो? मीही कधी विचारले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात आपल्याच जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावी जाणे झाले. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. तिथे चार मालकांनी मिळून भाड्याने घेतलेला एक मांडव आहे. वर पत्रे, बाजूला झापे, आत सहा घोडी. पाच बऱ्यापैकी होती. सहावा कोपऱ्यात, जिथे पागोळ्यांचे पाणी आत येत होते तिथे उभा होता. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, माकडहाडाच्या दोन्ही अंगांना खळगे, मोरखी गालात रुतलेली. खूर वाढून चपलेच्या टोकासारखे पुढे वळलेले आणि पाय शेणामुताच्या रेंद्यात. मालक मे अखेरीस घाटावर गेला तो गेलाच. "पंधरा दिवसांत येतो, तवर बघा," म्हणून दोन हजार रुपये ठेवून गेला होता. ते कधीच संपले.

बाकीच्या तिघांना विचारले तर एक जण वैतागून म्हणाला, "आमचीच घोडी पावसात पोसताना जीव जातो, दादा. त्याचा घोडा, तो बघंल. आमी हात लावला नि मेला, तर उद्या आमच्याच नावानं बोंब."

हा माणूस दुष्ट नव्हता. त्याचे म्हणणे तुम्ही-आम्ही झटकून टाकावे असेही नाही. शेजाऱ्याची गाय असती तर याच माणसाने तिला पाणी दाखवले असते, कारण गाईचे काय करायचे ते कोकणात पोरालाही कळते. घोडा आपल्या घरचा नाही. आपला मुलूख बैलांचा, रेड्यांचा. इथे नालबंद शोधायचा म्हटले तरी घाट चढावा लागतो. म्हणून अशा घोड्याशी गाठ पडली तर काय करावे, हे जरा विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट, वाळलेला प्रत्येक घोडा उपाशीच असतो असे नाही. गोमाशा चावून पसरणारा सर्रा हा रोग झाला की ताप येतो-जातो, पायांवर व पोटाखाली सूज उतरते आणि खाऊनपिऊन घोडा झिजतो. म्हाताऱ्या घोड्याचे दात झिजून धारदार होतात, मग चारा चावता येत नाही, अर्धवट चघळलेले बोळे खाली पडलेले दिसतात. पोटात जंत असतात ते वेगळेच. तेव्हा मालकाला शिव्या घालण्याआधी डॉक्टरला दाखवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी हा नंबर आहे, पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी दया आलेला माणूसच ती चुकतो. उपाशी घोडा दिसला की आपण त्याच्यापुढे हरभऱ्याची, कोंड्याची पाटी भरून ठेवतो. तसे करू नका. फार दिवस उपाशी राहिलेल्या जनावराला एकदम चंदी दिली तर रक्तातले क्षार झपाट्याने खाली जातात आणि घोडा हृदय बंद पडून मरतो. पहिले आठ-दहा दिवस धोक्याचे. पोटशूळ उठला तर आणखी पंचाईत, कारण घोड्याला उलटी करता येत नाही. सुरुवातीला चांगले गवत मूठ-मूठ, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. लसूणघास मिळाला तर सोन्याहून पिवळे, पण आपल्याकडे तो सहज मिळत नाही. मग सुके गवत आणि त्यात थोडे-थोडे कापलेले हिरवे. चंदी पुढे, डॉक्टर सांगतील तेव्हा. स्वच्छ पाणी मात्र कायम पुढे हवे. धडधाकट घोडा दिवसाला २५-३० लिटर पाणी सहज पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

आणि पेंढा! आपल्याकडे भाताचा पेंढा उदंड, म्हणून तोच पुढे टाकतात. गाय रवंथ करून त्यातून काही काढते. घोडा रवंथ करत नाही, नुसत्या पेंढ्यावर त्याचे भागत नाही. त्यातून आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, पेंढा बुरसटायला वेळ लागत नाही. बुरसटलेला पेंढा गाईलासुद्धा घालू नये, घोड्याला तर नाहीच.

खुरांचे म्हणाल तर सहा ते आठ आठवड्यांनी ते तासावेच लागतात. रेंद्यात उभ्या घोड्याचा पाय उचलून पाहा. तळाच्या मऊ त्रिकोणी भागातून काळे पाणी आणि घाण वास येत असेल तर तो भाग कुजतो आहे. कोरडी जागा हे त्यावरचे अर्धे औषध. त्या मांडवात चार फळ्या आणि दोन पाट्या जांभा चिऱ्याची खडी टाकली असती तरी काम झाले असते. खिळा-पत्रा लागून जखम झाली असेल तर धनुर्वाताची सुई विसरू नका. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो.

सामाईक जागेत आणखी एक बाब. नाकातून चिकट पू, नाकात किंवा पायावर गाठी-व्रण दिसले तर हात लावू नका. तो शेंबा, म्हणजे ग्लँडर्स असू शकतो. तो एकाच पाण्याच्या टाकीतून सगळ्या घोड्यांना लागतो आणि माणसालाही होतो. २००६-०७ मध्ये महाराष्ट्रात त्याची लागण झाली होती. तेव्हा शेजारच्या उपाशी घोड्याकडे डोळेझाक करणाऱ्याने स्वतःची पाच घोडी आधी आठवावीत.

आता "उद्या आमच्या नावानं बोंब" याबद्दल. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याचे ११ वे कलम स्पष्ट आहे. मालकाने पुरेसे खाणे, पाणी, निवारा न देणे हा गुन्हा आणि कारण नसताना जनावर सोडून जाणे हाही गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड ठरवला १० ते ५० रुपये, आज त्यात पेंढ्याचा भारासुद्धा येत नाही, हे खरे. पण दंडापेक्षा याच कायद्यातली दुसरी तरतूद कामाची आहे. दंडाधिकारी जनावराला उपचारासाठी दुसरीकडे ठेवायला सांगू शकतात आणि तो खर्च मालकाच्या माथी मारू शकतात. २०१७ च्या नियमांनी खटला चालू असताना जनावर कुठे ठेवायचे याचीही सोय केली आहे. तिसऱ्याच तिसरी तरतूद १८७१ च्या कोंडवाड्याच्या कायद्यात सापडते. तिथे "गुरे" या शब्दात घोडा, तट्टू, खेचर, गाढव, उंट, इतकेच काय हत्तीही बसवला आहे! पण तो कायदा मोकाट शिरलेल्या जनावराला. खुंट्याला बांधून उपाशी मरणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

म्हणून करायचे ते असे. मालकाला फोन, मग दोन साक्षीदारांसमोर लेखी निरोप. त्याच दिवशीचे फोटो. डॉक्टरचा लेखी अहवाल. आणलेल्या प्रत्येक भाऱ्याची, औषधाची वहीत नोंद आणि पावती. मग अर्ज पोलीस ठाण्यात, प्रती पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना व ग्रामपंचायतीला. अशी वही असली की घोडा दगावला तरी तुमच्यावर बोट येत नाही. खर्च वसूल व्हावा म्हणून परस्पर घोडा विकू मात्र नका, मालकी तुमची नाही.

आधी ठरले असते तर हे सारे टळले असते. चार जणांनी मांडव घेताना भाड्याचे बोलणे केले होते. मालक पंधरा दिवस आला नाही तर कुणी बघायचे आणि पैसे कुठून, याचे बोलणे झालेच नव्हते. मुंबईत काय झाले ते आठवा. व्हिक्टोरियाचे घोडे ज्या तबेल्यांत राहात होते त्यांची अवस्था आणि त्यांना परवाने नसणे हाही मुद्दा कोर्टात गाजला, आणि जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मौजेच्या घोडागाड्याच बेकायदा ठरवल्या. वर्षाच्या मुदतीत त्या बंद करायला सांगितल्या. चांगले ठेवणारे आणि वाईट ठेवणारे, दोघांचाही धंदा एकदम बसला.

त्या सहाव्या घोड्याचे काय झाले म्हणाल, तर बोंब मारणाऱ्या त्याच गृहस्थाने दुसऱ्या दिवशी त्याला कोपऱ्यातून हलवून पागोळीबाहेर बांधला, मोरखी कापली. डॉक्टर आले, जंताचे औषध झाले. मालक गणपती झाल्यावर उगवला. वही पुढे केली तेव्हा बराच वेळ गप्प बसला, मग निम्मे पैसे मोजले आणि निम्मे दिवाळीनंतरच्या फेऱ्यांतून फेडायचे कबूल केले. खूर तासायला माणूस तोवर मिळाला नव्हता. मी परत गेलो तेव्हा घोडा चालत होता, पण पुढच्या उजव्या पायाने लंगडत होता आणि मालक त्याला या हंगामात पाठीवर माणूस घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारत होता. डॉक्टर नाही म्हणाले.