३ ते १० टक्क्यांची धास्ती

स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव होतो तो साधारण ३ ते १० टक्के रुग्णांना. पण दगावलेल्यांचा हिशेब मांडला, की निरनिराळ्या अभ्यासांत ११ ते ३८ टक्के मृत्यू याच खात्यावर जमा झालेले दिसतात.

पुढचा आकडा शस्त्रक्रियेनंतरच्या २४ तासांचा. शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २००७ साली ही सीमारेषा आखली. तिच्या आतला रक्तस्राव बहुधा तांत्रिक असतो: रक्तवाहिनीवरचा टाका सुटला, आतड्याच्या जोडातून रक्त झिरपलं. किंवा मग रुग्णाचं रक्तच नीट गोठत नसतं. दुर्बिणीतून क्लिप लावून, नाही तर पोट पुन्हा उघडून तो आवरतात.

दगाबाज असतो तो उशिराचा. व्हिपल शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचा डोक्याकडचा भाग काढून उरलेला भाग आतड्याला जोडतात. तो जोड गळला, की अन्न पचवणारा रस पोटात सांडतो आणि शेजारच्या रोहिणीची भिंत पोखरू लागतो. संसर्ग त्यात भर घालतो. भिंतीला फुगा येतो आणि तो फुटतो. यकृताकडे जाणाऱ्या रोहिणीची जी फांदी कापून बांधलेली असते, तिचा बुंधा ही त्याची आवडती जागा. गंमत अशी, की हे रक्त जोडातल्या भोकातून आतड्यात उतरलं तर उलटीत किंवा डांबरासारख्या काळ्या शौचात दिसतं. मूळ मात्र आतड्याबाहेर असल्याने दुर्बिणीला सापडत नाही.

आठ-दहा दिवसांनी रुग्ण वॉर्डात फिरू लागलेला असतो. ड्रेनच्या पिशवीत थोडं लाल उतरतं आणि आपोआप थांबतं. रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिनही जागच्या जागी. ‘आत साचलेलं असेल’ म्हणून सोडून द्यायचा मोह होतो, आणि तोच सर्वांत महाग पडतो. मोठ्या रक्तस्रावाआधी अनेकदा असा छोटा इशारा मिळतो. हिमोग्लोबिन ३ ग्रॅमने घसरण्याची वाट न पाहता लगेच सीटी अँजिओग्राफी करावी. मग जांघेतल्या रोहिणीतून बारीक नळी नेऊन कॉइलने वाहिनी बुजवतात, किंवा आवरणाचा स्टेंट बसवून यकृताचा रक्तपुरवठाही राखतात. रुग्ण कोसळत असेल तर पोट उघडण्यावाचून गत्यंतर नसतं.

नेदरलँड्समधल्या १७ रुग्णालयांनी १,७४८ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. रोज ठरावीक निकषांवर रुग्ण तपासायचा आणि गळतीची शंका येताच सीटी करायचं, हा बदलाचा गाभा. ९० दिवसांतले मृत्यू ५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. रक्तस्राव मात्र ६ वरून ५ टक्के, म्हणजे जवळपास तेवढाच. फरक पडला तो अवयव निकामी होण्यात: १० टक्क्यांवरून ५.

रुग्णालय निवडतानाही आकडे विचारावेत. अमेरिकेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा शस्त्रक्रिया अगदी कमी होणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण १६.३ टक्के होतं, सर्वाधिक होणाऱ्या ठिकाणी ३.८. तेव्हा वर्षाला किती व्हिपल होतात आणि रात्री दोन वाजता अँजिओग्राफी करणारा डॉक्टर मिळेल का, हे दोन प्रश्न दाखल होण्याआधीच विचारा. घरी आल्यावर शौच काळं दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका.